गभणेबाईंचे पाच प्रश्न

आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला बसलेला माणूस बाही वर करायचा, मान फिरवायचा आणि डोळे घट्ट मिटून सुईची वाट पाहायचा. सुई काही यायची नाही. त्याऐवजी कानाशी खणखणीत आवाजात प्रश्न यायचा, "काल काय केलं?"

बिचारा डोळे उघडायचा. काहीतरी चोरल्यासारखा इकडेतिकडे पाहायचा. समोर गभणेबाई हातात रबरी पट्टा घेऊन बसलेल्या असायच्या, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तो पट्टा दंडाला बांधला जाणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळायचं.

दुर्गजवळच्या सुपेल्यातल्या एका खासगी इस्पितळाच्या लॅबमध्ये आम्ही बरोबर काम केलं. त्या आत यंत्रांपाशी, मी बाहेर रिपोर्ट द्यायच्या खिडकीत. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रक्ताचे आकडे पाकिटात घालून वाटले, पण त्या आकड्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आज जे थोडंफार कळतं ते बाईंच्या कृपेने, म्हणजे त्यांच्या ओरडण्याने.

बाई मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, साकोलीकडच्या. नवरा नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत होता, म्हणून राहायला नंदिनी नगरला. सकाळच्या पहिल्या बसने यायच्या. लॅबच्या पायरीवर चपला दोनदा आपटायच्या, पांढरी धूळ झाडायच्या आणि मगच आत पाऊल ठेवायच्या. उंची बेताची, आवाज मात्र दोन मजले ऐकू जाईल असा. पांढऱ्या कोटाच्या खिशाला तीन पेनं. त्यातलं लाल पेन कुणी मागितलं तर मिळायचं नाही.

मी दुर्गचा. चार पिढ्या तिथेच गेल्या आणि आमच्या घरात पुस्तकी मराठी बोलायची भारी हौस. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना अदबीने विचारलं, "बाई, आपल्यासाठी चहा सांगू का? की आपण नंतर घेणं पसंत कराल?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सांगा ना बाप्पा. पन भाऊ, तुमी घरीबी असेच लगनपत्रिकेवानी बोलता काय?"

त्या दिवसापासून मी त्यांचा भाऊ झालो आणि माझं पुस्तकी मराठी हा लॅबमधला कायमचा विनोद झाला. मीही सोडत नसे. त्यांच्या 'का'ऐवजी येणाऱ्या 'कावून'ची आणि 'करून राहिली'ची नक्कल करायचो. त्या चिडायच्या नाहीत. बशीतला चहा फुर्रकन ओढून म्हणायच्या, "जमत नाई तुमाले. राहू द्या."

तर त्यांचे प्रश्न. 'काल काय केलं' हे नुसतं दार. ते उघडलं की आत पाच प्रश्न होते. काय खाल्लं, काय प्यालं, किती चालले, काय उचललं, कोणती गोळी घेतली. उत्तरं त्या एका चिठ्ठीवर लिहायच्या आणि चिठ्ठी फॉर्मला टाचायच्या. कुठल्या पुस्तकात हे सगळं असं लिहिलेलं होतं, मला माहीत नाही. आमच्याकडच्या इतर कुणी ते केल्याचं मी पाहिलं नाही. रांग मागे वाढत जायची, लोक कुरकुरायचे, आणि बाई शांतपणे विचारत असायच्या, "काल किती वाजता जेवले? नाई, आठवा. कुकरची शिट्टी कवा झाली?"

एकदा एक म्हातारी आली. उपाशीपोटी साखर तपासायची होती. मुलगा घाईत होता, मोटरसायकल चालूच ठेवून आलेला. बाईंनी विचारलं, "सुबह से कुछ खाया?"

"कुछु नइ खाय हँव दाई," म्हातारी अगदी शपथेवर सांगावं तशी म्हणाली, "खाली पसिया पिये हँव."

पसिया म्हणजे भाताची पेज. इकडे ती पितात, खात नाहीत, त्यामुळे ती खाण्यात धरायची नसते. म्हातारीच्या मते ती कडकडीत उपाशी होती. बाईंनी पट्टा खाली ठेवला. मुलगा भडकला, लॅब फोडून टाकायची भाषा करू लागला. बाई म्हणाल्या, "तू कितनाबी चिल्ला. आज का खून तेरी माँ का नहीं, पसिया का है. कल लाना." दुसऱ्या दिवशी म्हातारीची साखर चांगली निघाली. नाहीतर त्या दिवसापासून तिच्या मागे गोळी लागली असती, आणि गोळी एकदा लागली की ती जन्माची.

याच्या उलट एक शाळामास्तर होते. त्यांना साखर होतीच. ते तपासणीच्या आधी चार दिवस कारल्याचा रस प्यायचे, गोड बंद करायचे आणि रोज पायी दुर्गला जाऊन यायचे. मग छाती काढून रक्त द्यायला यायचे. उपाशीपोटीची साखर दर वेळी बरी निघायची. पण बाईंनी डॉक्टरांना सांगून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी लावली, आणि मास्तर पकडले गेले. ते खिडकीशी येऊन माझ्याशी भांडू लागले तेव्हा बाई आतून बाहेर आल्या. "गुरुजी, एका पेपराचा अभ्यास चार दिवसांत होते. तीन महिन्यांची हजेरी कुठून आनसान?" मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य त्यांना असं परत मिळालं. पुढे ते बाईंचे भक्त झाले.

हे प्रश्न बाईंना सुचले कसे, हे मी एकदा विचारलं. मॅनेजरने त्या दिवशी त्यांना रांगेवरून बोलून घेतलं होतं. त्या चहा पीत होत्या.

"पह्यल्या नोकरीतली गोष्ट हाये," त्या म्हणाल्या. "बालोदकडचा एक गडी आला होता, भरतीच्या मेडिकलले. रक्तात सीपीके लय वाढलेला, एसजीओटी बी वाढलेली. मी मशीन दोनदा चालवली. आकडा बरोबर होता. रिपोर्ट देऊन टाकला. त्याले अनफिट केलं. मंग कवातरी त्याचा मामा भेटला, तर म्हने, भरतीत दौड राहते म्हनून पोट्टा आठ दिवस रोज पाचशे दंडबैठका काढत होता. भाऊ, सीपीके स्नायूतून येते, दंडबैठका काढल्या का चढतेच. आठ दिवस आराम केला असता तं उतरला असता. मशीन बरोबर होती. मीच विचारलं नाई."

"मग त्याचं काय झालं?"

"मालूम नाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्यापायीच विचारते."

त्यानंतर मी त्यांच्या रांगेबद्दल कधी थट्टा केली नाही. मॅनेजरने पुन्हा काही म्हटलं तर मीच त्याच्या आडवा यायचो.

रक्तातली ही सगळी मंडळी बाईंच्या बोलण्यात शेजारपाजारच्या माणसांसारखी यायची. एसजीओटी ही चुगलखोर. कुठेतरी भांडण झालंय एवढं ओरडून सांगणार, पण कोणाच्या घरी ते सांगणार नाही. ती लिव्हरच्याही घरात राहते, हृदयाच्याही आणि हातापायाच्या स्नायूंच्याही. सीपीके मात्र स्नायूंच्या घरचा, हृदय धरून. जीजीटी ही दारूची वैरीण, माणूस रोज पीत असला की बहुतेक वेळा चिडते. आणि टीएसएच म्हणजे सासू. "गळ्यातली थायरॉइड ही सून. सून काम करत असली का सासूचा आवाज आयकू येत नाई. सून बसली का सासू वरून वरडते. सून जेवढी थंडी, सासू तेवढी गरम." इतकं सोपं करून मला शाळेत कुणी शिकवलं असतं तर मी खिडकीत बसलो नसतो.

आता हटवार. बाईंचं नाव निघालं की मला हटवारच आठवतो.

हटवार कुम्हारीजवळच्या एका पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. वितळलेल्या पोलादाने भरलेली घराएवढी बादली, तिला ते लेडल म्हणतात, ती उचलून इकडून तिकडे न्यायची आणि खाली माणसं उभी असताना अलगद टेकवायची. या कामाचा त्याला इतका अभिमान होता की खिडकीवर नाव सांगतानाही तो म्हणायचा, "हटवार, लेडल क्रेन." मी रजिस्टरमध्ये तसंच लिहायचो.

कारखान्याच्या वर्षाच्या तपासणीत त्याचं रक्त आमच्याकडे आलं. एसजीओटी वाढलेली, सीपीके खूपच वाढलेला, कोलेस्टेरॉलही वाढलेलं. आमच्या इस्पितळातले डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोनदा त्या कारखान्याची माणसं पाहायचे. माणूस चांगला, पण दाराबाहेर साठ जण उभे असायचे. हटवार सुजल्या डोळ्यांनी समोर बसलेला, आवाज घोगरा, विचारलं की अंमळ थांबून उत्तर देणार, चाल जड. या गावात क्रेनवरच्या माणसाची एसजीओटी वाढली की लोक दुसरं काही विचारत नाहीत. साहेबांनी लिहिलं की दारूचा संशय आहे, हृदयही तपासावं, आणि तोवर क्रेनवर पाठवू नये.

हटवारला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. त्याच्या क्रेनवर दुसरा माणूस चढला. खाली सगळ्यांना कारण माहीत झालं, म्हणजे त्यांना जे कारण वाटलं ते.

बाईंनी त्याची चिठ्ठी काढून पाहिली. दंडबैठका नाहीत. वजन उचललं नाही. कुठली गोळी नाही. दारू नाही. कामाचं असं एकही उत्तर नाही. बालोदच्या त्या गड्याचेच आकडे पुन्हा समोर आले होते, आणि या वेळी विचारूनही काही हाती लागलं नव्हतं. चार दिवस बाई ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा काढून पाहत राहिल्या.

पाचव्या दिवशी हटवारची बायको खिडकीशी आली. भर मे महिना. पदराने घाम पुसत, मागे कोणी नाही हे पाहून ती हळूच म्हणाली, "भाऊ, खरं सांगजा. रिपोर्टमदे का लिवलं हाये? पेतात का हे?"

मी म्हटलं, तुम्हाला वास येतो का?

"कदी आला नाई." तिने मान खाली घातली. "भाऊ, कोनाले सांगू नोका. रोज रात्री ते झोपले का मी त्यायचं तोंड हुंगते. सोळा वर्सं झाली लग्नाले. त्यायचा बाप दारूनं गेला, म्हनून ह्यायनं लग्नातच मले वचन देल्लं होतं. आता मी तोंड हुंगून राहिली." मग जरा रागाने म्हणाली, "पन मंग असं कावून करतात? आल्या आल्या झोपतात. कूलर लावू देत नाई. लेकरं घामानं भिजतात, आन् हे चादर पांघरून. कूलरवरूनच रोज भांडन."

मला त्या बाईची फार दया आली, आणि आपल्या हातात फक्त पाकिटं आहेत याची लाजही वाटली. चहाच्या वेळी मी गभणेबाईंना हे सगळं सांगितलं. शेवटी नेहमीसारखा फाजील विनोदही केला, "भट्टीवर काम करणाऱ्याला घरच्या कूलरची थंडी वाजते, घ्या!"

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"का म्हनलं?"

"कूलरची थंडी."

"मे महिन्यात?"

"मे महिन्यात."

त्या उठल्या. चहा तसाच टाकून उठलेल्या बाई मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. फाइलमधून हटवारचा रिपोर्ट काढला आणि जीजीटीवर बोट ठेवलं. जीजीटी अगदी जागच्या जागी होती. "एसजीओटी वरडते, आन् दारूची वैरीन गप बसली हाये. सीपीके चढला, कोलेस्टेरॉल चढलं, डोळे सुजले, थंडी वाजते. भाऊ, हा पेत नाई. ह्याची सून बसली हाये. थायरॉइड बसली का हे समदंच होते."

लाल पेन निघालं. रिपोर्टच्या तळाशी त्यांनी लिहिलं, 'कृपया टीएसएच पाहावा.' तंत्रज्ञाने रिपोर्टवर असं काही लिहायचं नसतं. मॅनेजरने तो कागद परत पाठवला आणि कोरा रिपोर्ट छापायला सांगितलं. बाईंनी छापला आणि त्यावरही लिहिलं. तिसऱ्यांदा मॅनेजर स्वतः आला. बाई म्हणाल्या, "मले नोटीस द्या. पन टीएसएच लावा."

मग तो तिसरा कागद घेऊन त्या स्वतःच डॉक्टरांच्या दाराशी गेल्या. मी मागोमाग गेलो, कारण तमाशा चुकवणं माझ्या स्वभावात नाही. साठ माणसांच्या पुढे होऊन त्यांनी दार लोटलं.

"साहब, हटवार को कूलर में ठंड लगती है."

साहेबांनी मान वर केली. "बाई, अब कूलर से बीमारी पकड़ेंगी आप?"

"हां," बाई म्हणाल्या. "आप टीएसएच लिखो. मैं गलत निकली तो कल से किसी को कुछ नहीं पूछूंगी."

बाईंनी काय पणाला लावलं ते मला एकट्यालाच कळत होतं. साहेब चिडले होते, पण तो आवाज ऐकल्यावर त्यांनी पेन उचललं. लिहिलं आणि कागद सरकवला.

हटवारचं उरलेलं रक्तजल फ्रिजमध्ये होतंच. आठ दिवस काही फेकायचं नाही, हा बाईंचा आणखी एक नियम. यंत्र चाललं तेव्हा मी खिडकी बंद करून आत जाऊन उभा राहिलो. आकडा आलाच नाही. यंत्राला मोजता येतं त्याच्या वर गेला होता. बाईंनी नमुना पातळ केला आणि पुन्हा लावला. मग आणखी एकदा, कारण त्या दोनदा पाहिल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत. सासू आकाशपाताळ एक करत होती.

संध्याकाळी डॉक्टरसाहेब लॅबमध्ये आले. इतक्या वर्षांत त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, वो कूलर वाली बात फिर से बताइए." बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी पहिलं लिहिलेलं रद्द करून दिलं, आपल्या सहीने. माझ्या मनात त्यांची किंमत त्या दिवशी वाढली.

हटवारला रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी गोळी सुरू झाली. काही महिन्यांत डोळ्यांची सूज गेली, आवाज मोकळा झाला, सीपीके उतरला, एसजीओटी गप्प झाली, आणि तो क्रेनवर परत चढला. पण चढण्याआधी तो एकदा लॅबमध्ये आला. बायको बरोबर होती.

"बाई, मले एक कागद पायजे. त्याच्यावर लिवून द्या का मी पेत नाई."

बाईंनी त्याच्या रिपोर्टची प्रत काढली, जीजीटीखाली लाल रेघ ओढली आणि कागद त्याला न देता त्याच्या बायकोच्या हातात ठेवला. त्या बाईला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती त्या लाल रेघेकडे पाहत राहिली आणि मग रडायला लागली. हटवारला काही कळेना. तो आपला विचारतोय, "अवं, आता कावून रडते?" मला कारण माहीत होतं, बाईंनाही मी सांगितलेलं होतं. आम्ही दोघांनी तोंड उघडलं नाही.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्या दोनच वाक्यं बोलल्या. एक मॅनेजरबद्दल होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसरं नव्या मुलींना, "विचारत जा." पुढे मोठी यंत्रं आली. नळीवर पट्टी चिकटवली की ती सगळं आपणच करतात. रक्त घ्यायला मिनिटभरही लागत नाही, रांग उरली नाही. आणि चिठ्ठ्याही राहिल्या नाहीत.

मी निवृत्त व्हायच्या थोडंसं आधी, एका सकाळी पायरीवर चपला आपटल्याचा आवाज आला. दोनदा. मी खिडकीतून वाकून पाहिलं. बाई होत्या. केस पूर्ण पांढरे, हातात काठी, पण काठीही आपटतच चालत होत्या. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली होती. कसं काय विचारलं तर म्हणाल्या, "आली बाप्पा आता खुर्चीच्या ह्या बाजूले."

आत नवीन मुलगी होती. चलाख, हाताची हलकी. तिने बाईंना बसवलं, बाही वर केली, पट्टा बांधला आणि सुई उचलली. बाईंनी हात मागे ओढून घेतला.

"दर्द नहीं होगा आंटी," ती म्हणाली.

"दर्दाचं कोन विचारते तुले? पह्यले विचार."

"क्या पूछूं?"

"काल काय केलं ते विचार."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून म्हटलं, "पूछ लो बेटा. नाहीतर त्या हात देणार नाहीत."

"अच्छा आंटी," ती हसत म्हणाली, "कल क्या किया?"

बाई खुर्चीत ताठ बसल्या. चष्मा सारखा केला, आणि एखाद्या साक्षीदाराने द्यावं तसं उत्तर दिलं, "काल हटवार रिटायर झाला. लेडल क्रेनवरूनच उतरला, हार घालून. त्याच्या घरी जेवन होतं. दोन गुलाबजाम खाल्ले, आन् त्याच्या बायकोनं तिसरा जबरदस्तीनं तोंडात कोंबला." मग तिच्या हातात पेन नाही हे पाहून त्या ओरडल्या, "अवं पोरी, पाहून कायले राहिली? लिवून घे!"